तांब्यातले बुडबुडे

वडील लग्नांत सनई वाजवायचे. मला शिकवायची त्यांची रीत म्हणजे पाण्याचा तांब्या आणि पपईचा देठ. देठातून पाण्यात फुंकत राहायचं, गालात हवा धरून नाकानं श्वास घ्यायचा, पण बुडबुडे थांबता कामा नयेत. थांबले की ओल्या हाताची एक गालावर बसायची. सातवीत शाळा सुटली ती यापायी, आणि हेही जमलं नाहीच. शेवटी हिंगोलीकडचं गाव सोडून डहाणू तालुक्यात, रानशेतला चिकूच्या वाडीत कामाला आलो.

२०१६ साली, पावसाच्या तोंडावर भावाचा फोन आला, वडील गेले. मी चिकू निवडत होतो. फोन खिशात ठेवला आणि उरलेल्या पाट्या पुऱ्या केल्या. मोठा एकीकडे, बारीक एकीकडे. वाडीच्या मालकीणकाकूंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली, कामाची काळजी करू नको म्हणाल्या. ते उपकार विसरलो नाही. दहावा करून परतलो. रडू तिकडंही आलं नाही. एवढंच डोक्यात राहिलं, की ते असेपर्यंत श्वास न तोडता त्यांना एकदाही वाजवून दाखवलं नाही. आता तरी एकदा जमायला हवं होतं.

वाडीत चिकू उतरवायला येणारे एक आजोबा तारपा वाजवायचे. वाळका भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, टोकाला ताडपानांचा कर्णा. श्वास मात्र तोच, सनईचा. मला शिकवा म्हणालो, तर म्हणाले, "आमी कोनाला शिकवत नाय. वाजवतो तवा बाजूला बस."

पण त्यांच्या रीतीप्रमाणे नवं भात घरात येईपर्यंत ते तारप्याला तोंड लावणार नव्हते. तोवर मी खोलीत तांब्यात फुंकत बसायचो. बरोबरचे विचारायचे, पाणी उकळलं का, चहा टाकू?

दिवाळीत त्यांच्या पाड्यावर गेलो. दुपार कलली होती. आजोबा मधे, भोवती हात गुंफलेले बायका-पुरुष. नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत, तो वळेल तशी रांग वळते. तीन दिवस नुसता बाजूला बसलो. चौथ्या दिवशी तंबाखू मळायची म्हणून त्यांनी तारपा माझ्या हातात दिला. ऐकून ऐकून बसलेली त्यांचीच एक ओळ धरली. रांग चालायला लागली. पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील, आणि नाकानं घ्यायचा श्वास चुकला. सूर तुटला.

मी डोळे मिटून गाल आवळला. काही बसलं नाही. डोळे उघडले तर सगळे तसेच, हात धरून, एक पाय पुढे टाकलेला, माझ्याकडे तोंड करून उभे. आजोबा खाली बघून तंबाखू मळत होते. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "घे दम. आमी नाय जात कुठं."

घेतला. पुन्हा लावला. पाय पडायला लागले. त्यानंतर दोनदा तुटला, दोन्ही वेळा ते थांबले.

रडू तेव्हाही आलं नाही. खोलीवर आलो, तांब्यातला देठ काढून टाकला, आणि त्यातलं पाणी प्यायलो.