गाडीसाठी राहिलेल्या पंचम्या

घाटनांदूरला आमचं किराणा दुकान होतं आणि घरात वाहन म्हणाल तर आप्पांची सायकल. तिच्यावर साखरेचं पोतं यायचं आणि कधी ताप आला तर आईही. त्या वर्षांत आसपासच्या घरांपुढं एकेक जीप उभी राहू लागली होती. कुणी विचारलं, "आप्पा, तुमी कवा घेताय गाडी?" तर वडील माझ्याकडं बोट दाखवायचे.

"ही काय, आमची गाडी कालेजात हाय."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. अंबाजोगाईला जायचा एसटीचा पास, पुस्तकं, परीक्षेची फी, सगळं त्या न घेतलेल्या गाडीतून आलं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि मी ते विसरलेलो नाही. त्यामुळं पुढचं लिहिताना आप्पांना दोष द्यायला हात धजत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, तेलगावला दिली होती. सासर उसाचं, दारात जीप असलेलं. आमच्याकडं नागपंचमीला माहेराहून भाऊ न्यायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. दिवाळीलाही अक्का यायची, पण नवऱ्याबरोबर, पाहुणीसारखी, दोन दिवस. पंचमी तिची एकटीची. गावातल्या सगळ्या लेकी तेव्हा यायच्या, मारुतीच्या देवळामागच्या लिंबाला झोका बांधायच्या आणि आठवडाभर त्यांना सासर नावाची गोष्ट आठवायची नाही.

मी एसटीनं जायचो. अंबाजोगाईला गाडी बदलायची, मग धारूरचा घाट उतरून तेलगाव. परतताना अक्का खिडकीशी बसायची आणि घाट चढायच्या आतच बोलायला लागायची. सासू, जावा, नणंदा, सगळ्यांच्या नकला. अनोळखी माणसांनी भरलेल्या गाडीत ती जितकं मोकळं बोलायची तितकं घरी आईपाशीही बोलत नसे. अंबाजोगाईच्या स्टँडवर आम्ही भजी खायचो. पुढची गाडी चुकली तर ती खूश व्हायची.

एका पंचमीला मी तेलगावला पोचलो तेव्हा तिची सासू ओट्यावर डाळ निवडत होती.

"काय मुऱ्हाळी, जीप कुठं लावली?"

"येष्टीनं आलो, मावशी."

"अगं बया! आन् आमची सून काय उभ्यानं जायची व्हय? पुढल्या साली गाडी आणा, तवाच धाडू!"

आतल्या बायका हसल्या. मीही हसलो. मग तिनंच आम्हाला धपाटे बांधून दिले. वाटेत अक्कानं सासूच्या आवाजात ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं, आणि घरी आल्यावर आईलाही ऐकवलं. दोघी पोट धरून हसत होत्या. आप्पा मधल्या दारात येऊन उभे होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या पंचमीला मी निघायला म्हणून चपला घातल्या, तर आप्पा म्हणाले, "थांब. आता गाडी घेऊनच जायचं."

आई म्हणाली, "अवो, ती वाट बघत आसंल की."

"बघू दे. लेकीला टोमणे खायला लावायचे का?"

तेलगावच्या एका व्यापाऱ्याकडून अक्काचा निरोप आला : भाऊ काहून आला न्हाई? आप्पांनी सांगितलं, दुकानात लई काम हाय. खरं कारण सांगणं त्यांना कमीपणाचं वाटलं. दिवाळीला तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, पुढल्या साली बघू.

असं दर साली होत गेलं. मला माध्यमिक शाळेत नोकरी लागली, माझा पगारही त्याच गाडीकडं वळला. आप्पांनी चहा सोडला, आईनं नवं लुगडं नको म्हणून सांगितलं. सगळं अक्कासाठी. फक्त अक्काला ते ठाऊक नव्हतं.

शेवटी जुनी, पांढऱ्या रंगाची गाडी आली. मी चालवायला शिकलो आणि पंचमीला तेलगावच्या दारात हॉर्न वाजवला. सासू बाहेर आली.

"ही कुणाची?"

"आमचीच, मावशी. तुमीच म्हणाला होता ना, गाडी आणा, तवाच धाडू."

"मी? कवा?" तिला आठवायला वेळ लागला. आठवलं तशी ती ओट्यावर बसलीच. "अरं लेकरा, ती थट्टा व्हती. माझा भाऊ बैलगाडी घिऊन यायचा, तर माझी सासू इचारायची, हत्ती कुठं हाय? मुऱ्हाळ्याची थट्टा न्हाई करायची तर कुणाची?" मग हळू आवाजात म्हणाली, "आमाला वाटलं, तुमी पोरीला इसरलात. दर पंचमीला पिशवी भरून बसायची ती. दुपारची येष्टी गेली की रिकामी करायची."

अक्का मागं उभी होती. एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हाताशी तिचा लहान मुलगा.

घाटात माझं सगळं लक्ष रस्त्यावर. नवा हात, गाडी जुनी. अक्का मुलाला मांडीवर घेऊन शेजारी गप्प बसून होती. अंबाजोगाई मागं पडली, भज्यांसाठी थांबायचंही मला सुचलं नाही. घाटनांदूरची वेस दिसली तेव्हा ती म्हणाली, "लई लवकर आलं रे."

आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी आधी गाडीवरची धूळ उपरण्यानं पुसली, मग अक्काला विचारलं, "काय म्हणाली विहीणबाई?"

मी अक्काकडं बघितलं.

"तोंडात बोट घातलं त्यांनी," अक्का म्हणाली. "म्हणाल्या, आता सून धाडायला काय हरकत न्हाई."

आप्पांच्या चेहऱ्यावर मी तसं समाधान पुन्हा पाहिलं नाही. माझा निकाल लागला त्या दिवशीही नव्हतं.

संध्याकाळी अक्का देवळामागं गेली आणि लगेच परत आली. झोका होता, पण बरोबरीच्या लेकी आता येत नव्हत्या. झोक्यावरच्या पोरींनी तिला विचारलं होतं, तुमी कुणाच्या घरच्या?

तिला सोडायला गेलो तेव्हा उतरताना ती म्हणाली, "पुढल्या खेपेला येष्टीनं ये, बारक्या."

मी गेलो. पण तोवर तिच्या मुलाची शाळा सुरू झाली होती, श्रावणात सुट्टी मिळायची नाही. ती एका रात्रीसाठी आली. स्टँडवर भजी खाल्ली, आणि पुढची गाडी चुकू नये म्हणून तीच घाई करत होती.