चाचांच्या तीन बाटल्या

गुजरीत, म्हणजे सराफ गल्लीत, आप्पांच्या दुकानात मी चौदा वर्षं दागिन्यांवर मीना भरला. रंगाची काचपूड दागिन्यात भरायची आणि भट्टीत भाजायची, एवढंच काम. बोटांवरचा रंग साबणानं जायचा. किस्से तेवढे राहिले, आणि त्यातले बरेचसे आमच्या म्हाताऱ्या कारागिराचे, इब्राहिमचाचांचे.

*

गारगोटी गावचे एक पावणं बायकोचा गळ्यातला साज न्यायला आले होते. चाचांनी तो भट्टीतनं काढला. तापलेला लाल मीना काळा दिसतो. पावणं मटकन खालीच बसले.

"जाळलासा की माझा साज!"

"पावणं, च्या पिऊन या," चाचा म्हणाले. "तवर लाल हुतंय."

ते चहा पिऊन आले तोवर झाला होता.

*

चाचा भट्टीत बघायचेच नाहीत. गाल जवळ न्यायचे आणि "काढ" म्हणायचे. आप्पांनी टाइम लावायला घड्याळ आणलं.

चाचा म्हणाले, "झ्याक केलंसा मालक. दुकान कवा बंद करायचं ते कळंल."

*

एकदा मी लाल शर्ट घालून गेलो.

"हिरवा शोभतोय रं तुला," चाचा म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "आकार दिसत्यात, रंग कळंना झाल्यात. बाटल्या जाग्यावर हायत तवर चालतंय. मालकास्नी बोलू नगंस. ह्या वयात हितनं उठीवलं तर जाऊ कुठं?"

त्यांच्या रंगपुडीच्या बाटल्यांचा क्रम ठरलेला: लाल, हिरवा, निळा. त्या दिवसापासून मी त्या बाटल्यांना कुणाला हात लावू दिला नाही.

*

खंडेनवमीला मी गावी गेलतो. आप्पांनी स्वतः सगळं सामान पुसून पूजेला मांडलं, आणि पुन्हा जसं हाताला येईल तसं लावलं. मी दसरा करून आलो तर चाचांनी एका नवरीचा साज भरून भाजलाही होता. कच्ची पूड सगळी फिकीच, रंग खुलतो भाजल्यावर. लाल सांगितलेला साज हिरवा खुलला होता.

चाचांनी साज आप्पांच्या तळहातावर ठेवला. "लाल उतरला न्हवं, मालक?"

आप्पांनी साजाकडं बघितलं, मग बराच वेळ चाचांकडं. ह्या मालकानं जन्मात कुणाच्या कामाला बरं म्हटलं नव्हतं.

"असला लाल मी बघितला न्हाय, चाचा."

चाचा नमाजाला गेले. आप्पांनी साज माझ्यापुढं टाकला. "खरवड. लाल भर. आन तोंड उघडलंस तर ही पायरी चढू नगंस."

*

दुसऱ्या दिवशी तिन्ही बाटल्यांच्या गळ्यात दोरे होते. लालला एक गाठ, हिरव्याला दोन, निळ्याला तीन. चाचांनी बोटांनी चाचपून बघितलं.

"कुणी बांधलं हे?"

आप्पा मान वर न करता तार ओढत होते. "पूजेचा दोरा असंल."

चाचांनी गाठी पुन्हा मोजल्या. मग एका गाठीची बाटली पुढं ओढली आणि लाल भरायला घेतला.