स्वल्प थांबा, ऑर्डर येतेय

कारखान्यात लोखंडाचा कीस रोज पोत्यांत भरून उचलून नेतात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठत राहतात. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात मी पंपांचे सुटे भाग तपासतो, त्यामुळे माझ्याकडे साठा बराच आहे.

आमचे मालक अण्णा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, घरची मराठी निम्मी कन्नड झालेली. मी सांगलीहून मुलाखतीला आलो, तेव्हा म्हणाले, "स्वल्प थांबा." मला वाटलं, स्वल्पविरामाएवढं असेल. दहाला बसलो, तीनला बोलावणं आलं. शब्दाचा अर्थ दोन्हीकडे 'थोडं' असाच आहे. फरक घड्याळात आहे.

*

एका परदेशी कंपनीला भारतात माल करून घ्यायचा होता. एवढी मोठी ऑर्डर आम्ही कधी पाहिली नव्हती. त्यांचे खरेदी अधिकारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमजवळच्या हॉटेलातून सकाळीच निघाले आणि ट्रॅफिकमध्ये अडकले. बारापर्यंत वाट पाहून अण्णा स्वतः स्कूटरवर निघाले. तासाभरानं परतले, तर मागे हेल्मेट घातलेला गोरा पाहुणा, टाय खांद्यावर उडालेला!

चहा घेताना त्यांनी विचारलं, माल पोचवायला किती वेळ लागेल? अण्णा म्हणाले, "तुमच्या देशापर्यंत दहा तास. इथून विमानतळापर्यंतचं मात्र लिहून मागू नका."

पाहुणे हसले. ऑर्डर दिली नाही, पण ऑडिट ठरवून गेले.

*

ऑडिटर बाई कडक होत्या. आग लागली तर कामगार बाहेर कसे पडतील, असं त्यांनी विचारलं. अण्णा तोंड उघडणार, तेवढ्यात लाइट गेली. मशीनं थांबली. सगळ्यांनी मुकाट्यानं आपापले डबे उचलले आणि मिनिटाभरात रांगेनं बाहेर झाडाखाली जाऊन बसले. रोजची सवय.

बाईंनी घड्याळ पाहिलं. रिपोर्टात लिहिलं: आपत्कालीन सराव उत्तम.

 

*

शेवटी ऑर्डर एका अटीवर मिळणार होती. कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्यायचं. ते आलं त्या दिवशी कृष्णप्पा जेवला नाही. तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. मला हळूच हिंदीत म्हणाला, "ये आया, तो मैं गया क्या?"

पण मशीन नुसतंच उभं राहिलं. चालवायला दोन मुलं ठेवली, त्यांना शिकवलं. शिकल्यावर महिन्याभरात दोघंही मोठ्या कंपनीत गेली. अण्णा म्हणाले, "आपण कारखाना चालवतोय की कॉलेज?"

*

मग शिल्पा आली. तुमकूरकडची, आयटीआय शिकलेली. मुलाखतीतच तिनं मशीन चालवून एक भाग काढून दिला. मी मोजला, अचूक होता. अण्णा खूष. सोमवारपासून ये म्हणाले. तिनं शांतपणे विचारलं, "बायकांचं टॉयलेट कुठे आहे?"

तीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं, कारण मशीनवर बाई कधी आलीच नव्हती. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. बांधायला जागासुद्धा नव्हती. अण्णांनी तिच्याकडे पंधरा दिवस मागितले. ती गेल्यावर कृष्णप्पा म्हणाला, ही परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि अण्णांच्या केबिनची फरशी उखडली गेली. अण्णांचं टेबल लेथशेजारी आलं. दार मात्र चांगलं सागवानी होतं, म्हणून तेच ठेवलं.

शिल्पा सोळाव्या दिवशी हजर झाली. मशीनची बटणं ती कृष्णप्पाला शिकवू लागली. तो तिला सगळ्यांदेखत 'टीचर' म्हणतो आणि आता व्यवस्थित जेवतो. ऑर्डरही आली.

पहिला माल निघाला, तेव्हा परदेशी कंपनीचे मोठे साहेब बघायला आले. लेथशेजारी ग्रीसनं हात माखलेले अण्णा त्यांना मालक वाटले नाहीत. समोर सागवानी दार होतं. बायकांची पाटी अजून रंगाऱ्याकडेच होती, आणि दारावर अण्णांच्या नावाची पितळी पाटी चमकत होती. आम्ही काही बोलायच्या आत साहेबांनी टाय सरळ केला, फाइल काखेत घेतली आणि अदबीनं दार वाजवलं.

आतून शिल्पाचा आवाज आला, "आत माणूस आहे."