मौनीबुवांनी तोंड उघडलं

टपाल कचेरीमागच्या गल्लीत एक केस कापायचं दुकान होतं आणि त्याचा मालक शब्दाला फार महाग होता. लोक त्याला मौनीबुवा म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बुवा कापड झटकून त्याच्या गळ्याशी बांधत, दोन बोटांनी डोकं हवं तिकडे वळवत आणि काम झालं की मागे आरसा धरत. गिऱ्हाइकाने मान डोलावली की संपलं. कसे कापू, हेसुद्धा विचारत नसत. विचारून काय उपयोग, शेवटी ते आपल्या मनासारखेच कापणार.

असल्या घुम्या माणसाकडे कोण फिरकणार, असं कुणालाही वाटेल. पण बोलणाऱ्यांचा दुष्काळ जगात कधी पडलेला नाही. घरी बायको बोलते, कचेरीत साहेब बोलतो, रस्त्यात ओळखीचे लोक अडवून बोलतात. ज्याला या सगळ्यांतून अर्धा तास सुटायचं असे, तो बुवांच्या खुर्चीत येऊन डोळे मिटत असे. निवृत्त हेडमास्तर तर तिथे चक्क घोरत. आयुष्यभर पोरांचा कलकलाट ऐकलेल्या त्यांच्या कानांना शांतता मिळे ती तिथेच.

मग समोर नवीन सलून उघडलं. त्याचा तरुण मालक रेडिओ या नावाने ओळखला जाई, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. त्याच्या हातात कात्री आणि तोंडात विनोद एका वेगाने चालत. सलूनमधून हसण्याचा असा गडगडाट येई की दाढी न वाढलेले लोकही आत शिरत. एके दिवशी औषधांच्या दुकानाचा मालक, बुवांचं जुनं गिऱ्हाईक, मान खाली घालून सरळ समोर गेला. बुवा दारापर्यंत येऊन त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. दुकान म्हणजेच बुवांचं सगळं होतं. दुसरं काही येत नव्हतं आणि या वयात येण्याची आशाही नव्हती.

तरीही बुवा गप्प राहिले असते. पण त्यांना एक मेहुणा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ स्वतःचे धंदे एकापाठोपाठ एक बुडवून आता इतरांनी धंदा कसा करावा हे शिकवत फिरत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. 

"भावोजी, तो जे करतो तेच तुम्ही करायचं," मेहुणा एका रात्री घरी येऊन म्हणाला. "यशाचं गुपित एवढंच. पुढे गेलेल्याच्या पावलावर पाऊल टाकायचं."

"मला नाही जमत बोलायला," बुवा म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

"जमत नाही म्हणूनच तर मागे पडलात! मी आहे ना."

"अरे, हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लावतोस त्यांना?" बायको आतून म्हणाली. "वीस वर्षं संसार केला मी या माणसाबरोबर. विनोद सांगणं सोड, यांना ऐकलेला विनोद दुसऱ्या दिवशी कळतो."

पण घरच्या माणसाचं खरं बोलणं कोण मनावर घेतो? मेहुणा कामाला लागला. तो रोज समोर जाऊन दाढी करून घेई आणि रेडिओचे विनोद पाठ करून इकडे आणून देई. गालावर उगवायला काही उरलं नाही, तेव्हा मालिश करून घेऊ लागला. बुवा बिचारे आरशासमोर उभे राहून ते विनोद घोकत. मध्येच हसायचं कुठे, हेही मेहुण्याने ठरवून दिलं होतं. बायकोने पहिल्या दिवशी ते ऐकलं आणि ताप तर नाही ना, म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

पहिलं गिऱ्हाईक हेडमास्तर. ते सवयीने डोळे मिटून बसले, तोच कानाशी आवाज आला, "काय सर, ऐकलंत का?" हेडमास्तर एवढे दचकले की कापडासकट उभे राहिले. दुकानात तिसरंच कुणी आहे असं वाटून त्यांनी मागे वळून पाहिलं. बुवांचा आवाज त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता.

"एका सासूची छत्री हरवते," बुवा म्हणाले. ठरल्याप्रमाणे हसले. हसणं जरा आधीच झालं होतं.

खरी अडचण वेगळीच होती. बुवांचं तोंड आणि हात एका वेळी चालेनात. तोंड सुरू झालं की हात थांबे, आणि हात सुरू झाला की सासू छत्रीसकट वाटेतच अडकून पडे. अर्ध्या तासाचं काम दीड तासावर गेलं. कोर्टातला एक कारकून तर एक कल्ला कानाच्या वर आणि दुसरा जबड्यापर्यंत, असा घरी गेला. सासूच्या नादात बुवा कोणत्या बाजूला होते तेच विसरले होते. कारकुनाचं त्या आठवड्यात कुठलंच म्हणणं कुणी गंभीरपणे घेतलं नाही.

बुवांची गिऱ्हाइकं पांगली. गंमत अशी, की ती समोरही गेली नाहीत. आगीतून निघून फुफाट्यात कोण पडेल? त्यांनी केस कापणंच सोडलं. हेडमास्तरांचे केस कॉलरवर आले आणि ते उतारवयात कविता करू लागले की काय, अशी शंका लोकांना येऊ लागली. दुकानात येऊन बसायला उरला फक्त मेहुणा.

"अजून विनोद कमी पडताहेत, भावोजी," तो म्हणे. बुवा मान डोलावत. आतून मात्र त्यांना रडू येई. दिवसभर दुसऱ्याचं तोंड लावून बसल्याने जबडा दुखे तो वेगळाच.

एके दुपारी समोरच्या सलूनचं दार बंद दिसलं. थोड्याच वेळात गळ्याला मफलर गुंडाळलेला रेडिओ बुवांच्या दारात उभा राहिला. मेहुणा नुकताच चहाला गेला होता. रेडिओने गळ्याकडे बोट दाखवलं, नाही अशी मान हलवली आणि खुर्चीत बसला.

"डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय," तो घोगऱ्या आवाजात कसाबसा म्हणाला. "दुकान उघडलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. घरी सगळे माझ्यासारखेच. म्हटलं, तुमच्याकडे जरा शांत बसावं. केसही वाढलेत."

समोर साक्षात पुढे गेलेला माणूस बसलेला. आता नाही बोलायचं तर कधी? बुवांनी कापड बांधलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "काय साहेब, ऐकलंत का? एका सासूची छत्री जावयाच्याच घरी सापडते..."

रेडिओ खुर्चीत तळमळला. ओठ घट्ट मिटून धरले. मुठी आवळल्या. शेवटी जित्याची खोड. "काका!" तो फाटक्या आवाजात ओरडला. "छत्री शेवटी सापडते हो! आधीच सांगितलंत तर हसायचं कशाला?" आणि त्याला असा खोकला आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

बुवांनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला.

"पाया पडतो, बोलू नका," पाणी पिऊन रेडिओ कुजबुजला. "मी लहानपणापासून असाच आहे, झोपेतही बडबडतो. तुम्ही का हे पाप ओढवून घेतलंत? मी मोठ्या आशेने आलो होतो."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड मिटलं. मिटल्याबरोबर त्यांना इतकं बरं वाटलं की हात आपोआप चालू लागला. दोन बोटांनी त्यांनी रेडिओचं डोकं वळवलं, कात्री सरसर फिरली आणि थोड्याच वेळात गल्लीतला सगळ्यात बोलका माणूस तोंड उघडं टाकून झोपी गेला. बुवांना त्याचा हेवा वाटेना, राग येईना. नुसती त्याच्या मानेवरची लव दिसत होती आणि ती नीट काढायची होती. महिन्याभरात प्रथमच ते आपल्या दुकानात होते.

दारात सावली पडली. हेडमास्तर केस कानांमागे सारून उभे होते. त्यांनी आत कान देऊन ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"थांबलं का ते?" त्यांनी हळूच विचारलं.

बुवांनी मान डोलावली. हेडमास्तर चपला न वाजवता आत आले, बाकावर टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मेहुणा धापा टाकत आला. खुर्चीत रेडिओला पाहून त्याचे डोळे चमकले. "भावोजी, सोन्यासारखी संधी! तो झोपलाय तोवर सांगतो. आता आपण असं करायचं..."

"दार लोटून घे," बुवा म्हणाले.

मेहुण्याने लगबगीने दाराला हात घातला. "बरोबर आहे. कुणी ऐकायला नको. आतून ना?"

"बाहेरून."