बायाबायांचा कोयता

तातेराव मुकादमाला टोळीत एकटी बाई नको होती. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्यानं ऊस तोडायचा, तिनं मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायच्या. त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. सोनूबाईला नवऱ्यानं टाकलेलं, म्हणून ती अर्धी. जांब समर्थच्या शिवारात बापाच्या मेंढरांमागं जन्म काढायचा नव्हता तिला, म्हणून दसरा सरल्यावर ती मुकादमाच्या दारात जाऊन बसली. तिथं आणखी एक अर्धा कोयता आधीच येऊन बसला होता. शेजारच्या गावची गिरिजाबाई, पोरवयात रंडकी झालेली.

"मंग आमी दोघी मिळून एक धरा की," गिरिजाबाई म्हणाली.

तातेराव हसला. "बायाबायांचा कोयता? अन् तोडील कोण?"

"मी तोडते, ही बांधंल. मी दमले तर ही तोडंल. तुमाला ऊस पडल्याशी मतलब."

त्या साली सांगलीकडच्या फडात त्यांचा ऊस कुणापेक्षा कमी पडला नाही. पाचटानं दोघींचे हात चिरून निघायचे. भाकरी झाल्या की कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाशी बसून गिरिजाबाई सोनूबाईच्या भेगांत खोबरेल भरायची, आणि भरताना काहीतरी गुणगुणायची, सुराचा पत्ता नसलेलं. दिवसभर आपण त्या तेलाची वाट का बघतो, हे सोनूबाईला कळेना. मग एका दुपारी उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ढिगाआड पाणी पिताना गिरिजाबाईनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. दोघींना काय कळायचं ते कळलं. बोललं कुणीच नाही. काय म्हणून बोलणार?

तिसऱ्या साली टोळीतल्या बिभीषणची बायको वारली. तातेराव सगळ्यांदेखत म्हणाला, "गिरिजाबाई, बिभीषणसंगं पाट लाव. पुरा कोयता व्हईल तुझा."

सोनूबाईनं गिरिजाबाईकडं बघितलं. गिरिजाबाई भाकर थापत होती. तिनं मान वर केली.

"माझा कोयता पुराच हाये, मुकादम."

कुणी हसलं, कुणी पदराआडून बघत राहिलं. पण नाव चिकटलं. पुढं दोघींनी सोनूबाईच्या गावात दोन खोल्या बांधल्या, शेळ्या पाळल्या, ऊसतोड सुटली, तरी नाव सुटलं नाही. सोनूबाई दुकानात एकटी दिसली की बाया विचारायच्या, "तुझा कोयता कुठं गेला गं?" कुणाची थट्टा असायची, कुणाची माया, कुणाचं नुसतं विष. सोनूबाई सगळ्यांना एकच सांगायची, "घरी हाये."

परवाच्या हिवाळ्यात गिरिजाबाई गेली. तिचे सासरचे आले, दहावा करून गेले. सोनूबाई मागं बायांत बसली होती. तिला कुणी पुढं बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात ती शेळ्या घेऊन चौकातून जात होती, तेव्हा भावाचा नातू बबलू मित्रांना काहीतरी बोलला आणि पोरं खिदळली. शब्द इंग्रजी होता. भावाची नात अर्पिता जालन्याला कॉलेजात शिकते, ती रविवारी आली तशी सोनूबाईनं विचारलं, "लेसबीन म्हंजी काय गं?"

"लेस्बियन," अर्पिता हळूच म्हणाली. "कोन म्हणलं, आजी?"

"कोन का म्हणंना. अर्थ सांग."

"ज्या बाईचा जीव बाईवरच जडतो ना... जोडीदार म्हणून. तिला म्हणतात."

"शिवी हाये का?"

"न्हाई. लोक शिवीसारखी वापरतेत, पण शिवी न्हाई. शहरात कितीक पोरी सोताच सांगतेत, आमी अशा हावोत म्हणून."

"सोताच?" सोनूबाईला नवल वाटलं. "अन् मराठीत?"

"समलिंगी."

"हे तर दवाखान्यातल्या दुखण्यावानी वाटतंय."

दोघी हसल्या. मग अर्पितानं धीर करून विचारलं, "आजी, तुमी दोघी तशाच होत्या का?"

सोनूबाईनं पदरानं तोंड पुसलं. उभ्या जन्मात हे तिला कुणी सरळ विचारलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "आमच्यात कोयता म्हणायचे. मतलब तोच."

अर्पिताचा चेहरा तापला. "बबलूदादाच होता ना? बघतेच त्याला."

"भांडू नको. त्याला म्हणावं, शब्द बराबर हाये तुझा. फकस्त म्हणताना दात काढायचे न्हाईत." थोडं थांबून ती म्हणाली, "लोक काय काय इचारतेत. गिरिजा कशी होती, ते कोनीच इचारत न्हाई."

"कशी होती?"

"उंच होती. माझ्याहून वीतभर," सोनूबाई सावरून बसली. "डोक्यावर मोळी घेऊन ती गाडीच्या फळीवर चढू लागली की मी बांधायची सोडून बघतच राह्यची..."