बेटावरचं हॉटेल कुणाचं?

"सर, खाली सही कुनाची? आन् शिक्का कुठाय?" शुभांगीचे वडील नकाशा उलटसुलट करून बघत होते.

"अण्णा, हा परीक्षेतला नकाशा आहे. असं बेट जगात कुठंच नाही."

"न्हाई कसं? हाटेल बांधलंय की त्याच्यावर!"

राहुरीत खताच्या दुकानावर माझा क्लास आहे. परदेशी जाणाऱ्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, ती मी शिकवतो. शुभांगी देवळाली प्रवऱ्याची, नर्स. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं तिला घेतलं होतं, पण रायटिंगचा बँड, म्हणजे गुण, दोनदा कमी पडला. हॉस्पिटल आता आणखी एकाच परीक्षेपुरतं थांबणार होतं.

रायटिंगमध्ये कधी कधी एकाच जागेचे दोन नकाशे येतात. एक आधीचा, एक नंतरचा. वीस मिनिटं, दीडशे शब्द. काय बदललं तेवढं लिहायचं. कुणी बदललं, का बदललं, बरं झालं की वाईट, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. आणि आमच्या बाईसाहेबांनी काय लिहावं? चांगल्या इंग्रजीत लिहिलं होतं, 'हॉटेलमालकाने दमदाटी करून झाडे तोडली. वहिवाटीची पायवाट दाबली. बेटावरचे लोक भोळे आहेत.'

"लोक कुठं दिसले गं तुला?"

"सर, वाट हाय म्हंजे चालनारे असनारच की!"

माझं डोकं फिरलं. नकाशामागून नकाशे करून घेतले. शाळेच्या जागी पार्किंग आलं, की सरपंच सामील. तळं लहान झालं, की शेजाऱ्यानं भराव टाकला. तिच्या घरी बांधावरून भावकीत वाद, ती पाळण्यात होती तेव्हापासूनचा. रेघ आपोआप सरकते यावर त्या घरात कोण विश्वास ठेवणार? वर्गही तसलाच. सोनईचा एक जण हॉटेलवाल्याची बाजू घेऊन उठला, "त्यानं रीतसर खरेदी केली असंल!" झालं, अर्धा तास ग्रामसभा.

म्हणून वैतागून अण्णांना बोलावलं होतं. म्हटलं, "हिला घरी एवढंच सांगा, नकाशात दिसतं तेवढं लिही. कुणावर आळ घेऊ नको."

अण्णांचा चेहरा उतरला. "म्हंजी त्या मोजनीवाल्यावानी?"

"कोण मोजणीवाला?"

"सरकारी. आमचा बांध मोजाया आल्ता. माझा चुलतभाऊ समोर हुबा, हातात टिकाव. तरी ह्यानं लिवलं काय? 'बांध दक्षिणेस सरकलेला दिसतो.' सरकलेला! बांधाला काय पाय हायेत व्हय?"

मी टेबलावर थाप मारली. "अण्णा, तेच! अगदी तेच लिहायचंय!"

मी त्या चुलतभावाचाच माणूस असल्यासारखे अण्णा माझ्याकडे बघत राहिले. शुभांगी मात्र खुदकन हसली. "असं व्हय? मग येतंय की मला. त्यो कागद घरात समद्यांना पाठ हाय."

तिथंच बसून तिनं लिहिलं, 'बेटाच्या पूर्वेस हॉटेल बांधलेले दिसते. झाडे कमी झाली आहेत.' रटाळ, कोरडं, कुणाचंच काही न बिघडवणारं. मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं.

पुण्यात परीक्षा झाली आणि हॉलबाहेरून तिचा फोन आला. "सर, नकाशाच आला! विहीर बुजवून रस्ता नेलाय हो!"

मी घाईनं विचारलं, "कुणी बुजवली ते लिहिलंस?"

"न्हाई. जीव तुटला, पन न्हाई लिहिलं."

हवा होता तेवढा बँड मिळाला. शुभांगी आयर्लंडला गेली. अण्णा पेढे घेऊन आले, पण बसले नाहीत.

"सर, पोरगी लई खरं बोलनारी हुती," ते म्हणाले. "तुमी तिला पार सरकारी करून टाकली."

मी पेढा तोंडात टाकला. क्लासच्या फॉर्मवर आता एक रकाना वाढवलाय : घरी बांधाचा वाद आहे का? 'हो' असेल, तर नकाशांना दोन आठवडे जास्त.