संडासात गेलेला तांब्या

"अगं ठेव तो खाली! शिवलीस ना शेवटी!"

काकू एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की तांब्या माझ्या हातातून निसटता निसटता राहिला. मंगला गौरीच्या देवळाजवळचं मराठी घर त्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या काशीत. चौकात संडासाच्या दारात माझी फ्रेंच पाहुणी उभी. तिच्याच हातातून मी तो तांब्या घेतला होता. काकूंचा सोवळ्याचा, गंगाजळाचा.

मी तेव्हा गाइड होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील रेल्वेत, बदलीवर बनारसला आलेले. मी इथंच फ्रेंच शिकले. परदेशी बायकांना मणिकर्णिकेपर्यंत घाट दाखवायचे. वाटेत बायकांसाठी एक संडास नाही. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. म्हणून काकूंचं घर धरलेलं. काका भिक्षुकी करायचे, पण गोऱ्या लोकांना घर दाखवायची त्यांना भारी हौस.

पहिल्याच दिवशी काकूंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या नुसत्या हसल्या. "पाहुण्यांना आत सोड. तू इथंच ओट्यावर बस हं, बेटा."

बसले. दोन वर्षं बसले. सकाळी घरून निघताना पाणी पीत नव्हते. लघवीला आग व्हायची. डॉक्टरीणबाई रागावल्या, "पानी क्यों नहीं पीतीं?" काय सांगणार? जगभरच्या बायकांची सोय लावत फिरत होते, माझी मात्र सोय नव्हती. आजही चीड येते. काकूंची येते, त्याहून जास्त माझी येते.

या पाहुण्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना कागद लागतो. उकिडवं बसता येत नाही. टमरेल बघून बावचळतात. मी गल्लीतच शिकवून ठेवायचे: कागद आत टाकू नका, तुंबतं. बाहेर भांड्यात पाणी असेल, ते घेऊन जा.

त्या दिवशी नेमकं टमरेल जागेवर नव्हतं. तुळशीपाशी काकूंनी भरून ठेवलेला तांब्या होता. पाण्याचं भांडं म्हणून बाई तोच घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा मला ओट्यावरून दिसलं. कोणी बघायच्या आत तांब्या तिच्याकडून काढून घ्यावा, म्हणून मी धावत चौकात शिरले. तेवढ्यात काकू ओरडल्या.

काका आले. झालेलं मी सांगितलं. ते बाईकडे बघून गोड हसले.

"तिला सांग, काही बिघडलं नाही. बिचारीला काय माहीत? चिंच लावून घासू, गंगेत बुडवू, झालं."

मग मला म्हणाले, "पण आता तू हात लावलास. आता हा आमच्या कामाचा नाही. तूच घेऊन जा."

बाईनं विचारलं, काय म्हणतायत? दोन वर्षं मी या घरातलं सगळं गोड करून सांगितलं होतं. त्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं. ती लालबुंद झाली, माझी माफी मागायला लागली. तिच्या माफीचं मी काय करू?

"काका, संडासातला तांब्या चिंचेनं शुद्ध होतो. माझ्या हातचा होत नाही?"

"वाद घालू नकोस, बेटा. घरचा रिवाज आहे."

रिवाज! मी तांब्या तिथंच फरशीवर ठेवला. संडासात गेले. कडी लावली. बाहेर काकूंचा आकांत चालू होता. काका दार बडवत होते. मला भीती वाटत होती, तरी घाई केली नाही. सावकाश बसले.

बाहेर आले तर काका गरजले, "या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही!"

"नाही ठेवणार. आणि एकही पाहुणी आणणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून नवीन घर शोधायला लागले. तीन घरांनी नाही म्हटलं. चौथ्या घरी दारातच उभी राहिले आणि सांगितलं, "संडास आधी मी वापरणार. मग माझ्या पाहुण्या. जमत नसेल तर आत्ताच सांगा."